कॅमेऱ्याचे कान

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात पाटणकर बाजार नावाची एक पेठ आहे. १८१० साली दौलतराव शिंदे यांच्या सैन्याचा तळ या भागात पडला, तळाचे हळूहळू शहर झाले आणि नाव मात्र लष्कर असेच राहून गेले. आपल्या गोव्याहून इतक्या दूर उत्तरेस गेल्यावर बाजाराच्या पाटीवर असे ओळखीचे आडनाव वाचावयास मिळाले, की परमुलखातही मन क्षणभर सैलावते. माझ्या सासरच्या नात्यातील एक आत्याबाई या बाजारात राहतात. डिसेंबर २०२४ मध्ये ग्वाल्हेरला शंभरावा तानसेन समारोह झाला, त्या निमित्ताने मी त्यांच्याकडे आठ दिवस राहून आले.

विद्यार्थी मित्रहो, समारोहातील गायनवादनाविषयी लिहिण्याचा माझा अधिकार नाही. मी भाषा व इतिहास शिकविते. सुरांची जाण बेताची आणि यंत्रांची त्याहून बेताची. तरीही आत्याबाईंच्या गॅलरीत बसून आवाजाविषयी एक गोष्ट मला उमगली. ती उमगण्यास माझ्या माहेरचे एक जुने दुःख कारण झाले, म्हणून हा लेख.

पहिल्या दिवशी सकाळी चहा घेत मी डोळे मिटून गॅलरीत बसले होते. खाली उजवीकडून एक ई-रिक्षा आली आणि डावीकडे निघून गेली. समोरच्या दुकानाचे लोखंडी शटर खडखडत वर सरकले. डाव्या अंगाला कोणी हिंदीत भाव करीत होते. पाठीमागे स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. या सर्वांच्या मधोमध, हातभर अंतरावर, आत्याबाई आपल्या लग्नाच्या वेळची हकीकत सांगत होत्या. एवढा गलबला असूनही त्यांचा एकही शब्द माझ्या ऐकण्यातून सुटला नाही. प्रत्येक आवाज आपापल्या जागी होता. कोणी कोणाच्या अंगावर पडत नव्हता.

माझ्याजवळ तळहातावर मावेल असा एक व्हिडिओ कॅमेरा आहे. आत्याबाईंचा नातू नववीत शिकतो. त्याने दुसऱ्या दिवशी तोच बाजार आणि आत्याबाईंची तीच हकीकत त्यात टिपून घेतली. घरातील टीव्हीवर लावून पाहिले, तो चित्र लख्ख. परंतु रिक्षा, शटर, कुकर आणि आत्याबाई यांचे एकच गाठोडे बांधून पडद्याच्या मध्यावर ठेवल्यासारखे वाटले. नातू म्हणाला, “काकू, यात ‘सराउंड’ म्हणून एक पर्याय आहे, तो लावून पुन्हा घेऊ या.” तसे केले. आता बाजार एकदम पसरला. टीव्हीच्या बाहेरून, जवळजवळ भिंतीपलीकडून रिक्षा येऊ लागली. मुलगा आनंदला. आत्याबाई मात्र पडद्यावर ओठ हलवीत होत्या आणि त्यांचा आवाज दोन खोल्या ओलांडून यावा तसा येत होता. मला एकाएकी माझ्या आजीची आठवण झाली.

आजी आमच्या जुन्या घरी राहत असे. बोलणे कोंकणीत आणि पोथी मराठीत, हे आपल्याकडे नवीन नाही. जात्यावरच्या ओव्या तिला पुष्कळ येत. काही तिच्या आईकडून आलेल्या, काही तिने स्वतः रचलेल्या. मी हा कॅमेरा नवा घेतला तेव्हा आषाढ महिना होता. ध्वनीसाठी त्यात दोन पर्याय होते, एक साधा ‘स्टिरिओ’ आणि दुसरा ‘सराउंड’. दुसऱ्याचे नाव भारदस्त; शिवाय त्याच्यासाठीच आपण जास्त पैसे मोजले अशी माझी समजूत. मी तोच निवडला. आजी तासभर बोलली, गायली. मागाहून तिला ते दाखविले. अंगणातला पाऊस, कौलांवरून गळणाऱ्या पागोळ्या, मांजराने पाडलेले भांडे, सारे काही दणदणीत ऐकू येत होते. आजीने चष्मा पुसला, पडद्याकडे निरखून पाहिले आणि विचारले, “म्हजो आवाज खंय गेलो?” माझा आवाज कुठे गेला? आम्ही सगळे हसलो. चवथीला आलीस की पुन्हा म्हणून दाखवीन, असे ती म्हणाली. चवथीपूर्वीच ती गेली. ती चित्रफीत मी जपून ठेवली, पण लावून पाहण्याचे धाडस क्वचितच केले.

आजीच्या प्रश्नाचे उत्तर मला ग्वाल्हेरला मिळाले. ते समजण्यासाठी मुळापासून सुरुवात केली पाहिजे. डोळे मिटलेले असता आवाज कोणत्या दिशेने आला हे आपल्याला कळते तरी कसे?

या प्रश्नाचा कसून विचार करणाऱ्यांत लॉर्ड रॅले हे इंग्रज पदार्थवैज्ञानिक अग्रगण्य होत. १९०७ साली त्यांनी मांडलेले तत्त्व थोडक्यात असे: आवाज उजवीकडून आला तर तो उजव्या कानास आधी पोचतो आणि डाव्या कानास किंचित उशिरा, शिवाय मध्ये डोके आडवे येत असल्याने डाव्या कानाला तो काहीसा क्षीण होऊन मिळतो. खालच्या स्वरांच्या बाबतीत वेळेचा फरक अधिक उपयोगी पडतो, वरच्या स्वरांच्या बाबतीत डोक्याच्या आडोशाचा. हा वेळेचा फरक किती असतो याचे गणित सातवीतल्या मुलालाही करता येईल. साधारण २० अंश सेल्सिअस तपमानाच्या हवेत ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४३ मीटर, म्हणजे ३४,३०० सेंटिमीटर अंतर जातो. दोन कानांमधील सरळ अंतर १८ सेंटिमीटर धरले, तर १८ भागिले ३४,३०० म्हणजे सेकंदाच्या सुमारे एकोणीसशेव्या भागाइतका उशीर झाला. डोक्याला वळसा घालावा लागत असल्यामुळे प्रत्यक्षात थोडा अधिक. डोळ्याचे पाते लवण्यास याच्या शेकडो पट वेळ लागतो, आणि तरीही एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशेचा निवाडा करून मोकळा होतो.

खात्री पटत नसेल तर एक प्रयोग करून पाहा. मीटरभर लांबीची रबराची नळी घ्या आणि तिचा बरोबर मध्य शाईने खुणावून ठेवा. नळी पाठीमागून नेऊन तिची दोन टोके दोन्ही कानांच्या तोंडाशी अलगद धरा. कानात खुपसावयाची नाहीत. आता डोळे मिटा आणि मित्राला पेन्सिलीने नळीवर हळूच टिचकी मारण्यास सांगा. मध्यावर टिचकी बसली की आवाज मधोमध वाटेल. खुणेपासून उजवीकडे एकच सेंटिमीटर सरकून मारली, की आवाज उजवीकडे झुकल्याचे बहुतेकांना कळते. एक सेंटिमीटर सरकणे म्हणजे एका बाजूचा मार्ग एक सेंटिमीटरने कमी आणि दुसऱ्या बाजूचा तेवढाच अधिक, एकूण फरक दोन सेंटिमीटरांचा. वेळेच्या भाषेत सेकंदाचा सुमारे सतरा हजारावा भाग. हा दोन सेंटिमीटरांचा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

याच प्रयोगाच्या जोडीला दुसरा. मित्राला कधी तुमच्या नाकासमोर, कधी थेट पाठीमागे दोन नाणी एकमेकांवर आपटावयास सांगा. तुम्ही मान अजिबात हलवावयाची नाही. येथे चुका होऊ लागतात. कारण समोरचा आणि पाठीमागचा, दोन्ही आवाज उभय कानांना एकाच वेळी पोचतात. पुढचे-मागचे ओळखण्यासाठी कानाच्या बाहेरच्या पाळीच्या घड्या उपयोगी पडतात. वेगवेगळ्या दिशांनी येणाऱ्या स्वरांत त्या बारीक बारीक बदल करतात. जास्त करून आपण नकळत मान वळवून निर्णय घेतो. कॅमेऱ्याला मान आहे, पण कानाची पाळी नाही.

आता यंत्राकडे वळू. आरंभीच्या ध्वनिमुद्रणाला एकच कान होता. भारतात व्यापारी ध्वनिमुद्रणाचा प्रारंभ १९०२ साली कलकत्त्यात झाला. तेव्हा गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गावयाचे असे. ग्वाल्हेरच्या ख्यालगायकीला ज्यांनी आकार दिला ते हद्दूखाँ आणि हस्सूखाँ त्यापूर्वीच होऊन गेले. त्यांच्या स्वराची मुद्रिका नाही. पुढे १९३२ साली प्रभात कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट काढला, त्याही काळी आवाजाची वाट एकच. नट पडद्याच्या कोणत्याही कडेला उभा असो, बोलणे एकाच ठिकाणाहून यावयाचे.

दोन कानांसाठी दोन वाटा द्याव्यात ही कल्पना मात्र जुनी आहे. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ आदेर याने ऑपेराच्या रंगमंचाच्या कडेने टेलिफोनची यंत्रे मांडून तारा प्रदर्शनापर्यंत नेल्या, आणि श्रोत्यांच्या दोन कानांना दोन वेगळे श्रवणयंत्र दिले. गायक चालत एका बाजूस गेला की ते ऐकणाऱ्यास समजत असे. या विषयाचा खरा पाया घातला तो ॲलन ब्लुमलाइन या इंग्रज अभियंत्याने. १४ डिसेंबर १९३१ रोजी त्याने जो एकस्वाचा अर्ज केला, त्यात आज आपण ज्याला स्टिरिओ म्हणतो त्याची बहुतेक सगळी सूत्रे आहेत. स्टिरिओ हा शब्द मूळ ग्रीक. त्याचा अर्थ घन, भरीव. १९३५ साली ब्लुमलाइनने आपल्या प्रयोगासाठी हेझ स्थानकावरून जाणाऱ्या आगगाड्यांचे चलच्चित्र दोन वाटांच्या ध्वनीसह घेतले. आत्याबाईंच्या नातवाने रिक्षा टिपली, तेच काम. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, विमानातील रडारची चाचणी घेत असता अपघात होऊन हा बुद्धिमान पुरुष अडतिसाव्या वर्षी गेला. त्याच्या शोधावर आधारलेल्या स्टिरिओ तबकड्या १९५८ पासून बाजारात येऊ लागल्या. आपल्याकडे सामान्य प्रेक्षकाच्या मनात हा ध्वनी ठसविला तो १९७५ च्या ‘शोले’ने, त्याच्या ७० मिलिमीटर आवृत्तीत आवाजाच्या सहा स्वतंत्र वाटा होत्या.

दोन स्पीकरांची जादू कशात आहे? दोन्हींतून तंतोतंत एकच आवाज सारख्या जोराने निघाला, तर तो डावीकडूनही येत नाही आणि उजवीकडूनही येत नाही. दोहोंच्या मध्ये, जेथे काहीच नाही, तेथून आल्यासारखा वाटतो. एका बाजूचा जोर वाढविला की तो तिकडे सरकतो. गाण्याच्या बैठकीत गायक मध्ये, तबला एका हाताला, पेटी दुसऱ्या हाताला आणि मागे दोन तानपुरे अशी मांडणी असते. चांगल्या स्टिरिओ मुद्रणात डोळे मिटून ही मांडणी दिसते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

पण त्यासाठी दोन मायक्रोफोनांनी काही वेगळे ऐकले पाहिजे. एक तर त्यांच्यात पुरेसे अंतर हवे, किंवा त्यांची तोंडे वेगवेगळ्या दिशांना वळलेली हवीत. आपल्या छोट्या कॅमेऱ्याची अडचण नेमकी येथे आहे. माझ्या कॅमेऱ्याच्या पुढील बाजूस जाळीमागे जे दोन मायक्रोफोन आहेत, त्यांच्यातील अंतर मी मोजपट्टीने मोजले. ते दोन सेंटिमीटर भरले! नळीच्या प्रयोगातला तोच आकडा. अशा कॅमेऱ्यांत ध्वनीचे सेकंदाला ४८,००० नमुने घेतले जातात. अगदी एका बाजूने आलेला आवाज दोन कानांत सुमारे २५ नमुन्यांच्या फरकाने पोचतो. कॅमेऱ्याच्या या दोन कानांत जेमतेम तीन नमुन्यांच्या. शिवाय मध्ये डोके नाही, त्यामुळे आडोसाही नाही. दोघेही जवळजवळ एकच गोष्ट ऐकतात. म्हणून नातवाच्या पहिल्या मुद्रणात सगळ्या बाजाराचे गाठोडे झाले.

यावर उपाय आहे, आणि तोही ब्लुमलाइनच्याच कागदपत्रांत सापडतो. दोन मायक्रोफोनांच्या आवाजांची बेरीज करावयाची आणि वजाबाकीही करावयाची. बेरजेत दोघांना सारखे ऐकू आलेले सगळे येते. वजाबाकीत फक्त फरक उरतो. हा फरक हवा तसा वाढवून पुन्हा बेरजेत मिसळला, की जवळजवळ ठेवलेले दोन मायक्रोफोन दूर दूर ठेवल्यासारखे भासू लागतात. आजच्या छोट्या यंत्रात हे काम एक बारीकशी चकती क्षणार्धात करते.

‘सराउंड’ म्हणजे सभोवार ध्वनी ही याच्या पुढची पायरी. चित्रपटगृहात तो खरा असतो. समोर तीन स्पीकर, मागच्या अंगाला दोन आणि केवळ खर्जासाठी आणखी एक. या सहाव्याला पूर्ण वाटेचा मान नसल्यामुळे त्या पद्धतीला पाच पूर्णांक एक असे गमतीचे नाव पडले. २००५ च्या सुमारास घरगुती व्हिडिओ कॅमेऱ्यांवरही हा आकडा झळकू लागला. त्यांतील काहींच्या डोक्यावर खरोखरच तीन-चार मायक्रोफोनांचा पुंजका असे आणि त्यांच्या तुलनेवरून पुढचे-मागचे काढले जाई. पुंजक्यातील अंतर पुन्हा बोटभरच, त्यामुळे मिळणारे उत्तर अंदाजाचे. तरी त्याला काही आधार होता. दोनच मायक्रोफोन असलेल्या यंत्राने ‘सराउंड’ म्हटले, की ते मागचे आवाज ऐकत नसते, कल्पीत असते. कल्पना कशावरून? बहुतेक वेळा त्या वजाबाकीवरून. समोरचा बोलणारा दोन्ही मायक्रोफोनांना सारखाच ऐकू येतो, म्हणून तो वजाबाकीत नाहीसा होतो. आजूबाजूचा गोंगाट उरतो. तो उरलेला भाग फुगवून बाजूला आणि मागे पसरावयाचा. १९७० नंतरच्या दशकात चित्रपटांच्या दोन ध्वनिपट्ट्यांत मागच्या स्पीकरांचा आवाज दडवून नेण्यासाठी हीच वजाबाकी वापरली गेली. तेथे काय मागे न्यावयाचे हे माणूस ठरवीत असे. कॅमेऱ्यात ते यंत्र ठरविते, आणि कोण महत्त्वाचे हे यंत्राला माहीत नसते.

आता ऐकण्याच्या बाजूचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिचा मान आपल्या देशाकडे येतो. समोर दोनच स्पीकर ठेवून आवाज पाठीमागून आल्याचा भास निर्माण करावयाचा, तर एक अडथळा असतो: डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानातही जातो आणि उजव्याचा डाव्यात. ही गळती थांबविल्याशिवाय प्रत्येक कानाला वेगळे काही सांगता येत नाही. ती थांबविण्याची युक्ती अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मानफ्रेड श्रोडर आणि बिष्णू अटल या दोघांनी साठच्या दशकाच्या आरंभी बसविली, आणि १९६६ साली तिचे एकस्व त्यांना मिळाले. नको असलेला आवाज त्या कानाशी पोचतो त्याच क्षणी त्याच्या उलट आवाज दुसऱ्या स्पीकरमधून पाठवून त्याला मारावयाचे, असा तो डाव आहे. अटल हे मूळचे ग्वाल्हेरहून फारसे दूर नसलेल्या कानपूरचे. लखनौ विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकून ते बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेले आणि १९६१ साली बेल प्रयोगशाळेत दाखल झाले. मोबाइल फोनमधून बोलणे थोडक्या जागेत कसे पाठवावे यामागेही त्यांचे संशोधन आहे. टीव्हीखालच्या एकाच लांबट स्पीकरमधून जेव्हा चहूबाजूंनी आवाज आल्यासारखा वाटतो, तेव्हा याच जातीची युक्ती चालू असते. ती सगळ्यांना सारखी लागू पडत नाही, कारण कोण्या एका सरासरी डोक्याची आणि सरासरी कानाची मापे धरून ती बसविलेली असते. आपली जागा सोडून दोन हात बाजूला सरकले तरी भास मोडतो. आत्याबाईंच्या घरी मध्यभागी कोणी बसावे यावरून दोन नातवंडांत भांडण झाले, ते शास्त्रशुद्ध होते.

इतके ज्ञान मला अर्थातच एका दिवसात झाले नाही. पुष्कळसे मागाहून वाचले. मूळ धागा हाती दिला तो पाटणकर बाजारातल्या एका वृद्ध गृहस्थांनी. रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करण्यात त्यांचे आयुष्य गेले. घर मराठी, पण बोलण्याला हिंदीचे वळण. आत्याबाईंकडे ते चहाला आले असता नातवाने त्यांना कॅमेऱ्याची तक्रार सांगितली आणि मी, न राहवून, आजीची. त्यांनी ती चित्रफीत ऐकली. एकदा डाव्या कानाने, एकदा उजव्या. मग म्हणाले, “ताई, आवाज गेलेला नाही. दोन्ही वाटा एक करून टाका.”

माझ्या चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह पाहून त्यांनी मिठाईच्या खोक्याच्या झाकणावर हिशेब मांडला. तो मी जसाच्या तसा देते. समजा आजी मधोमध बसली आहे. तिचा आवाज दोन्ही मायक्रोफोनांत १० आणि १०. दार डावीकडे, म्हणून पाऊस फक्त डाव्यात, ६. म्हणजे डावी वाट १६, उजवी १०. वजाबाकी ६, तो निव्वळ पाऊस आहे, आजी त्यात नाही. आता यंत्राने बाजार पसरावा म्हणून या वजाबाकीचा निम्मा भाग, ३, डाव्या वाटेत मिळविला आणि उजव्या वाटेतून वजा केला. डावीकडे आजी १० आणि पाऊस ९ झाला. उजवीकडे आजी १० आणि पाऊस उणे ३, म्हणजे उलटा पाऊस. कानाला तो उलटा आहे हे कळत नाही, पाऊसच वाटतो. पाऊस दोन्हीकडे झाला आणि आजी होती तेथेच राहिली. “आता दोघांना जोडा,” ते म्हणाले. आजी १० अधिक १०, वीस. पाऊस ९ उणे ३, सहा. दहाला नऊ होते, ते विसाला सहा झाले.

मी भाषेची शिक्षिका. पण त्या झाकणावरचा हिशेब पाहून मला एखादी अवघड संधी सुटावी तसा आनंद झाला. एक गंमत त्यांनी सांगितली ती अशी, की एकाच स्पीकरच्या जुन्या मोबाइलवर ही चित्रफीत मी कधी लावली असती, तर दोन्ही वाटांची बेरीज त्याने आपणहून केली असती. मी दरवेळी ती मोठ्या टीव्हीवर लावीत आले होते.

या सोयीला मर्यादा आहे, हेही त्यांनी बजावले. यंत्राने मिसळलेले पुन्हा निवडता येते, कारण ते हिशेबाने मिसळलेले असते. मूळ मुद्रणात आवाजच बारीक असेल तर तो कोणत्याही बेरजेने मोठा होत नाही. गोंगाटही त्याच्याबरोबर वाढतो. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाजाची तीव्रता चौथाई होते. तीन मीटरवरचा कॅमेरा एक मीटरवर आणला तर ती नऊपट. कोणताही पर्याय एवढी मदत करीत नाही. म्हणून बोलणाऱ्या माणसाचे मुद्रण करावयाचे तर साधा स्टिरिओ निवडावा, कॅमेरा जवळ न्यावा, पंखा बंद करावा, आणि एक मिनिट घेऊन हेडफोनने ऐकून पाहावे. जत्रा, पालखी, शिगम्याची मिरवणूक असेल तर खुशाल सराउंड लावावा. तेथे भोवतालच महत्त्वाचा असतो आणि नातवाने टिपलेला बाजार, मला कबूल केले पाहिजे, फार सुरेख उतरला होता. या सुट्टीत तुमच्यापैकी कोणी घरच्या वडीलधाऱ्यांचे बोलणे मोबाइलवर घेणार असेल तर त्याने हे अवश्य करून पाहावे. आजच्या मोबाइलमध्येही दोन, तीन, कधी चार मायक्रोफोन असतात आणि त्यांचा कारभार पुष्कळसा असाच चालतो.

त्या रात्री नातवाने संगणकावर आजीच्या चित्रफितीच्या दोन्ही वाटा एक केल्या. बाजार बंद झाला होता. आत्याबाई, नातू आणि मी ऐकावयास बसलो. पाऊस मागे हटला. मांजराचे भांडे पडले ते आता दूर पडले. आजीचा स्वर पुढे आला. वयाने थोडा फाटलेला, पण शब्द न् शब्द वेगळा. दोन ओव्या तरीही नीटशा लागल्या नाहीत, तेथे पागोळ्या फारच जोरात होत्या. तिसरी सुरू करण्यापूर्वी ती थांबली आणि माझ्याकडे पाहून काहीतरी बोलली. हे तिने कधी म्हटल्याचे मला आठवतच नव्हते. त्या वेळी माझे सगळे लक्ष कॅमेऱ्याच्या चौकटीत तिचा चेहरा नीट बसतो की नाही याकडे असावे.

आत्याबाईंना कोंकणी येत नाही. त्यांनी विचारले, “काय गं म्हणाल्या त्या?”

“दार धांप गो, पावस भितर येता,” मी तिचे शब्द पुन्हा म्हटले आणि मग त्यांना मराठीत सांगितले, “दार लाव गं, पाऊस आत येतोय.”